खोली सात : गैरहजर

शिरी गेल्याची बातमी मला आधी त्याच्या यंत्राने दिली, आणि मी हसलो. त्या सकाळी मी दादरला बहिणीकडे होतो. मोबाईलवर ओळ उमटली, ‘खोली सात : गैरहजर.’ मी लगेच त्याला लिहिलं, ‘इस्त्रीसाठी प्लग काढलास ना रे?’ थोड्या वेळाने त्याच्याच नंबरवरून फोन आला, पण आवाज शेजारच्या सुमनकाकूंचा. “अरविंदा, इस्त्री नाही रे... पहाटे हॉस्पिटलात नेला. खोली बंद करताना मेन स्विच मीच पाडला...”

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत शिरी आणि मी लहानपणापासूनचे. मी ग्रंथपाल झालो, तो संगणकाच्या नादी लागला आणि एकटाच राहिला. गेली काही वर्षं तो एक ब्लॉकचेन रचत होता. संगणकाची जड कामं बड्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालतात. त्याऐवजी ती घराघरांतल्या रिकाम्या यंत्रांनी वाटून घ्यावीत, आणि कोणी काय केलं याची नोंद सगळ्यांच्या ताब्यात असावी, ही त्याची कल्पना. “वर मजले कुणीही चढवू दे, मी पाया घालतोय,” तो म्हणायचा. मी गॅलरीला लावलेल्या लाकडी टेकूंकडे बघायचो.

चाचणीसाठी त्याने आठ खोल्यांत डब्याएवढी आठ यंत्रं बसवली. ती एकमेकांचं काम तपासत. दोन तृतीयांश यंत्रांचं, म्हणजे आठांतल्या निदान सहांचं जुळलं, तरच नोंद पक्की. सुमनकाकूंनी आपल्या यंत्रावर क्रोशाचा रुमाल घातला आणि ते तापून बंद पडलं. त्याच सकाळी आणखी दोन घरांत मिक्सरसाठी प्लग निघाले. शिरी गॅलरीत येऊन ओरडला, “काकू, सहमती मोडली तुमच्यामुळे!”

“सहमती? या चाळीत? गच्चीची किल्ली कुणाकडे ठेवायची ते ठरलं नाही अजून, मेल्या!”

एकदा मी विचारलं, “उद्या तूच नसलास तर?”

तो चिडला नाही. “माझ्यावाचून चाललं, तरच मी काही बांधलं म्हणायचं, अरव्या. नाहीतर नुसता खेळ.”

तेराव्यानंतर दोन दिवसांनी सगळ्यांच्या मोबाईलवर विचारणा आली, ‘खोली सात बरेच दिवस गैरहजर. नाव काढायचं?’ हा त्याचाच नियम. मी गॅलरीत सगळ्यांना समजावलं, की काढलेलं बरं. ठेवलं तर मोजणी आठाचीच राहणार, आणि एका वेळी एकाच घरातलं यंत्र बंद ठेवता येईल. दोन बंद झाली की सगळं ठप्प.

सुमनकाकू म्हणाल्या, “म्हणजे एका वेळी एकच मिक्सर?”

“हो.”

“मग त्यात काय... लावू पाळीने.”

सातही घरांनी ‘नाही’ दाबलं. मीसुद्धा.

शिरीचं यंत्रजाळं चालू आहे. रोज सकाळी गॅलरीतून काकूंची हाक येते, “मी मिक्सर लावतेय हं, कुणी प्लग काढू नका!” आणि मी हातातली इस्त्री खाली ठेवतो.