साबणाचा निळा रंग

आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान गावापासून दूर एका मोठ्या शहरात, बनशंकरी भागातल्या एका गल्लीत होतं. एकच खोली, पुढं शटर, मागं मोरी. आम्ही दोघं निपाणीकडचे. लग्नानंतर हे मला इथं घेऊन आले आणि मीही कामाला लागले. हे जाळीच्या फ्रेमवर शाई ओतून रबरी पट्टी ओढायचे, मी छापलेले कागद दोरीवर वाळत घालायची. लग्नपत्रिका, पिशव्या, एका छोट्या कारखान्याच्या साबणाची वेष्टनं. ओल्या शाईवर धूळ बसू नये म्हणून शटर निम्मं खालीच असायचं. शाई पातळ करायच्या थिनरचा वास आम्हाला केव्हाच जाणवेनासा झाला होता.

पुढं कॉम्प्युटरच्या छपाईमुळं पत्रिकांचं काम गेलं. अशात एक चित्रकार बाई आल्या. वयानं आमच्याहून लहान, यांना अण्णा म्हणायच्या. त्यांना काडेपेटी, चहापूड, खोबरेल तेलाची बाटली, धुण्याचा साबण अशा वस्तूंची खिडकीएवढी चित्रं छापून हवी होती, भडक रंगांत. मला हसू आलं. साबणाचं वेष्टन कोण भिंतीवर लावतं? पण हे खूश झाले. लोकांनी फाडून टाकण्यासाठीच यांनी आजवर वेष्टनं छापली होती. आता कुणीतरी ती काचेत लावणार होतं.

काडेपेटी झाली, चहापूड झाली. साबणासाठी यांनी निळा रंग कालवला. पहिला कागद दोरीवर टाकताना मी थबकले. नमुन्याचं वेष्टन शेजारी धरून पाहिलं. छापलेला रंग शेवाळासारखा हिरवा होता.

“अहो, जरा हिरवट वाटतंय का?”

ट्यूबलाइट खराब आहे, असं म्हणाले, ते अशा आवाजात की मी पुढं बोलले नाही. खरं तर काही महिन्यांपासून मला शंका होती. यांचे मोजे वेगवेगळ्या रंगांचे असायचे. शाईचे डबे हे झाकणावरचं नाव वाचून उचलायचे. पण हातात तेवढं एकच काम होतं. मी उरलेले कागदही वाळत घातले.

बाई आल्या तेव्हा मी कागद त्यांच्यापुढं ठेवले. त्या बराच वेळ त्या हिरव्या साबणाकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, रंग मुद्दाम बदललात का. यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि नुसती होकाराची मान हलवली. बाईंना तो रंग फार आवडला. बाकीची चित्रंही अशीच करा, तुमच्या मनानं, असं सांगून त्या गेल्या.

प्रदर्शनाला आम्हाला बोलावलं होतं. पांढऱ्या भिंती, गार हवा, हळू बोलणारी माणसं. लोक रंगांचं धाडस वाखाणत होते. हे साबणासमोर उभे राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “यातला निळा सगळ्यांना दिसतोय ना गं?”

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रंगीत सोंगट्या क्रमानं लावायला सांगितल्या. यांनी मन लावून लावल्या, आणि जवळजवळ सगळ्या चुकल्या. डॉक्टरांनी कामाची चौकशी केली. बंद खोली, इतकी वर्षं थिनर. बहुतेक त्यानंच रंग ओळखू येईनासे झालेत, म्हणाले. गेलेलं परत येईल याची खात्री नाही, काम मात्र सोडा.

बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. बनशंकरी जवळ आल्यावर विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“हो.”



मी बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि म्हणाल्या, “चित्रांखाली माझ्या नावाशेजारी अण्णांचंही नाव लावते, ते आधीच लावायला हवं होतं.” यांनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे नको म्हणाले. बाई गेल्यावर मी कारण विचारलं.

“बिघडलेल्या छपाईवर कोण नाव घालतं?”

फ्रेम भंगारात गेल्या. हे आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळजवळच्या एका इमारतीत दारावर बसतात, येणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेतात. मी घरी ब्लाउज शिवते. दोरा निवडताना यांना कधीच विचारत नाही, आणि हेही माझ्या मशीनकडं बघायचं टाळतात.