सात घुबडं

काल पत्र्याचा डबा उघडला आणि जुन्या तंबाखूचा वास आला. स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन वर्षं, आम्ही कल्याणला होतो. बाबांच्या सिगारेटच्या पाकिटातून पक्ष्यांची चित्रं निघायची. माझ्याकडे सगळी जमली होती, फक्त मोर राहिला होता.

डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगितली, त्या संध्याकाळी मी रुसून बसले.

"बाबा, एकच पाकीट आणा ना."

"अगं, त्यांचा खोकला ऐकतेस ना?" आई म्हणाली.

बाबांनी गुपचूप चपला घातल्या. पाकिटात घुबड निघालं.

"पुढच्यात येईल हं," ते खोकत म्हणाले.

डब्यात जास्तीची सात घुबडं आहेत, सगळी त्या संध्याकाळपासूनची. मोरही आहे. तो बाबांनी अंथरुणातूनच माझ्या हातात दिला, आणि मी नाचत शेजारी दाखवायला पळाले.