बाजार बारापर्यंत बंद

रघुशेठ म्हसकरांनी आपल्या मृत्यूची बातमी कल्याणच्या बाजारातल्या काळ्या फळ्यासमोर उभं राहून वाचली. नाशिकच्या गाडीतून नुकतेच उतरलेले, हातात ट्रंक, काखेत छत्री. 'कै. रघुनाथशेठ म्हसकर यांच्या दुःखद निधनानिमित्त बाजार दुपारी बारापर्यंत बंद राहील.' अक्षर माझं होतं. वाचून झाल्यावर ते सरळ माझ्या दुकानाकडे आले. मी दुकान बंद करून ओट्यावर बसलो होतो. त्यांनी रामराम केला, ट्रंक खाली ठेवली आणि विचारलं, "बारापर्यंतच?"

झालं होतं असं की नाशिकला त्यांचा चुलतभाऊ आजारी होता, म्हणून शेठ आणि शेठाणी दोघंही तिकडे गेले होते. आदल्या दिवशी नाशिकहून आलेल्या एका तंबाखूवाल्याने सांगितलं की म्हसकरांच्या दारातून तिरडी उचललेली आपण डोळ्यांनी पाहिली. पाहिली होती, खोटं नाही. तिरडी चुलतभावाची होती आणि पहिला खांदा रघुशेठचाच होता, पण तंबाखूवाल्याने खांदेकऱ्यांकडे लक्ष दिलं नव्हतं.

आमचं व्यापारी मंडळ तेव्हा नवं होतं. स्वातंत्र्यानंतरचे धान्य-नियंत्रणाचे दिवस. सरकारी साहेबांपुढे सगळ्या दुकानदारांनी एका तोंडाने बोलावं म्हणून ते काढलं. ते काही जमलं नाही. जमलं ते एकच, कोणी वारलं की बाजार बंद ठेवणं. त्याचे नियम मात्र आम्ही काटेकोर केले. अध्यक्ष वारले तर पूर्ण दिवस, कमिटीवाला वारला तर अर्धा, साधा सभासद गेला तर तासभर. मी चिटणीस होतो, कारण माझं अक्षर बरं होतं आणि लोखंडाच्या दुकानात गिऱ्हाईक बेताचं. खजिनदार तात्या लेले, आयुर्वेदिक औषधांचे दुकानदार. नियम सोडून ते कधी शिंकलेसुद्धा नसतील.

रघुशेठ साधे सभासद, तांदळाचे मोठे व्यापारी आणि बाजारातले एक नंबरचे भांडकुदळ. नियमाने त्यांना तास मिळायचा. दुकान मोठं म्हणून आम्ही उदार होऊन अर्धा दिवस दिला होता. हे मी त्यांना समजावून सांगितलं, तर नाकाला मिरच्या झोंबल्यागत त्यांनी तोंड केलं आणि माझ्यादेखत तात्यांना गाठलं. पूर्ण दिवस हवा असेल तर काय करावं लागतं, असा त्यांचा प्रश्न होता. जिता माणूस पाहूनही तात्यांची नियमावरची मांड ढळली नाही. ते म्हणाले, "अध्यक्ष व्हा. नाहीतर बाजारासाठी काहीतरी करून दाखवा. मग कमिटी विचार करील."

त्या दिवसापासून या माणसाने पूर्ण दिवसाचा ध्यास घेतला. माणसं पुण्य जोडतात, नातवंडांसाठी जमीन घेतात. रघुशेठना कल्याणचा बाजार सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद हवा होता, बस्स. आधी ते दरवर्षी अध्यक्षपदाला उभे राहिले आणि दरवर्षी पडले. मतं मागायला जायचे आणि निम्म्या वाटेत मतदाराशीच भांडून यायचे. शेवटी कंटाळून ते दुसऱ्या वाटेला लागले.

मालधक्क्यावर आमचा गूळ, तांदूळ, मिरची उघड्यावर उतरायची. पावसाळ्यात गुळाचा काला व्हायचा. मंडळाने रेल्वेकडे पुष्कळ अर्ज केले होते. पालथ्या घड्यावर पाणी. रघुशेठ रोज सकाळी जाऊन तिथल्या साहेबाच्या दारात बसू लागले. साहेबाने एकदा पोलिसात देण्याची धमकी दिली. शेठनी शांतपणे सांगितलं, "खुशाल द्या. मी मेलेला माणूस आहे, सगळ्या बाजाराला विचारा." हे त्यांचं पेटंट वाक्य. कोर्टाची नोटीस येवो, जावई रुसो, नाक्यावरचा कारकून अडवो, मेलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार, हाच जबाब. साहेब अखेर कंटाळला आणि पत्र्याची शेड झाली.

शेड झाल्यावर तिच्यात हमाल बसू लागले. दुपारची भाकर तिथेच खायचे. तात्यांनी हरकत घेतली. शेड मंडळाच्या खटपटीने झाली, हमाल काही सभासद नाहीत. रघुशेठ भर सभेत उठून म्हणाले, "पोतं तरी सभासद आहे का? त्याला सावली चालते, आणि उचलणाऱ्याला नको?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोन रांजण आणून शेडमध्ये ठेवले. हमालांवर त्यांचं प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी त्यांच्यावर खेकसायचे. पण एकदा एका हमालाच्या पायावर पोतं पडलं, तेव्हा टांग्यात घालून दवाखान्यात त्यांनीच नेला, वाटभर त्याला शिव्या घालत. तो बरा होईपर्यंत त्याच्या बायकोकडे तांदूळ त्यांच्याच दुकानातून गेला. तो पुढे हमालांचा मुकादम झाला. किसन त्याचं नाव, घाटावरचा.

फाळणीनंतर जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात आलेले सिंधी दुकानदार मंडळात घ्यावेत की नाही यावर पुष्कळ वाद झाला. रघुशेठ घ्या म्हणाले. मला नवल वाटलं, कारण तांदळाच्या धंद्यात ते सिंधी त्यांच्याच पोटावर पाय देणार होते. कारण विचारलं तर म्हणाले, "अरे चिटणीस, मी गेल्यावर बंद व्हायला दुकानं जास्त नकोत का?" थट्टेत बोलले की खरंच, मला आजवर उलगडलेलं नाही.

असे सात-आठ वर्षं ते राबले. मग अंथरुणाला खिळले. दिवाळी तोंडावर होती. मी भेटायला गेलो की शेठाणी चहा ठेवायच्या आणि शेठ आढ्याकडे बघत विचारायचे, ठरलं का काही? एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पूर्ण दिवस, शेठ. काळजी करू नका." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तात्यांना विचारलंस?" मी म्हटलं, विचारतो. त्यांनी कूस बदलली.

ते गेले त्याच संध्याकाळी कमिटी बसली. मी पूर्ण दिवसाचा ठराव मांडला. शेड, रांजण, सगळं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की कामगिरी मोठी आहे, पूर्ण दिवस मान्य आहे. मात्र म्हसकरांना अर्धा दिवस पूर्वीच दिलेला आहे. तेव्हा आता राहिला अर्धा. दिवाळीचा धंदा ऐन भरात, सगळ्यांनी माना डोलावल्या. विरोध माझा एकट्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीकाठी दहन झालं. बारा वाजता आम्ही नियमाप्रमाणे दुकानं उघडली. बैलगाड्या येऊन लागल्या, मालधक्क्यावर वॅगन उभ्या होत्या, गिऱ्हाईक ओळीने थांबलं होतं. पोत्याला हात लावायला मात्र कोणी नव्हतं. हमाल स्मशानातून परत येऊन शेडमध्ये बसून होते. तात्या तरातरा तिकडे गेले, मी मागोमाग. तात्यांनी किसनला सांगितलं की बंद बारापर्यंतच होता, तसा मंडळाचा ठराव आहे.

किसन उठून उभा राहिला. तात्यांचा त्याने कधी अपमान केला नाही, तेव्हाही केला नाही. हात जोडून म्हणाला, "तो तुमचा बंद, मालक. आमचा आज दिवसभर हाय."

मला तिथेच रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. आम्ही दोघं परत येऊन आपापल्या गादीवर बसलो. संध्याकाळी दिवेलागण होईपर्यंत एक पोतं हललं नाही, एक गाडी सुटली नाही. सगळी दुकानं सताड उघडी होती आणि कल्याणचा बाजार पूर्ण दिवस बंद होता.