यशस्वींच्या गणतीतला भाऊ

सकाळी नऊ चाळीसला पाहणीच्या बाई इस्त्रीच्या दुकानात उभ्या राहून ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारत होत्या.

"सुटल्यापासून भाऊ पुन्हा तुरुंगात गेला?"

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

"पोलिसांनी धरलं वगैरे?"

"नाही."

"सध्या काय करतो?"

"काही करत नाही. वारला."

तिने शर्टाची कॉलर उलटवली, पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवता फिरवता सांगितलं. भाऊ नशेपायी चोऱ्या करून आत गेला होता. पूर्वी सुटणाऱ्याला दोन महिने वसतिगृहात ठेवत, डॉक्टर बघत. नव्या योजनेत शिक्षा थोडी कमी करून माणसाला थेट घरी धाडतात. वसतिगृहाचा खर्च वाचतो. आत त्याच्या शरीराची सवय मोडली होती. बाहेर येऊन त्याने नशेची पूर्वीइतकीच मात्रा घेतली, ती शरीराला झेपली नाही, आणि त्याने आठवडाही काढला नाही.

"हे लिहाल ना, बाई? नाहीतर दुसऱ्यांचेही असेच जातील."

"लिहीन," बाई म्हणाल्या, आणि तिथेच लिहिलं.

बाईंची उभी हयात लोकांच्या दारात गेली. आधी घरं मोजली, मग आजार, आणि आता या संशोधन संस्थेसाठी सुटलेले कैदी. अंगावर कुत्री आली, तोंडावर दारं आपटली, पण सांगितलेलं एक आणि लिहिलेलं दुसरं असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

महिन्याभराने संस्थेच्या बैठकीत अहवालाचा मसुदा पडद्यावर आला. दहातले नऊ यशस्वी.

"यात मेलेले धरलेत," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," संचालक चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "यश म्हणजे वर्षभरात तुरुंगात परत न येणं. व्याख्या तुरुंग खात्याची आहे. ते आले का परत?"

"कसे येणार?"

"मग झालं तर."

आकडेवारी बघणारे गृहस्थ हसले. "ताई, त्यांच्याइतकं तर कोणीच सुधारलं नाही."

टेबलाभोवती आणखी दोघंतिघं हसले. बिस्किटाचा तुकडा चहात पडला. संचालकांनी तो बोटाने काढला आणि बोट चाटलं. बाईंनी पडद्यावरच्या आकड्याकडे बोट केलं.

"वेगळे दाखवा. एक ओळ पुरे."

"त्या ओळीने वसतिगृहाचा विषय निघेल, योजना बारगळेल, आणि पुढच्या टप्प्याचं काम दुसऱ्या संस्थेकडे जाईल. मग तुम्हीही घरी." संचालकांचा आवाज मऊ झाला. "तळटीप देऊ. 'काही व्यक्तींशी संपर्क होऊ शकला नाही.'"

"मी भेटलेय त्यांच्या घरच्यांना."

"त्यांना नाही ना भेटलात?"

माहिती जशीच्या तशी अहवालात घेतली आहे, अशा दाखल्यावर बाईंची सही हवी होती. त्यांनी केली नाही. आकडेवारीवाल्यांनी खिशातलं पेन काढून बोलता बोलता त्या जागी स्वतःची सही उरकून टाकली.

"तुझ्या सहीवाचून काय अडलं त्यांचं?" संध्याकाळी भाजी निवडताना नवऱ्याने विचारलं.

"काही नाही."

"मग उपयोग काय?"

"काही नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी त्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या. "मी लिहिलं होतं. त्यांनी काढलं."

इस्त्रीवालीने वर पाहिलं. "आणि तुम्ही? सोडलीत नोकरी?"

"नाही."

"सोडू नका," ती म्हणाली. "आम्हाला विचारायला तरी कोण येणार?" हे चांगुलपणाने म्हटलं की टोमणा मारला, ते बाईंना चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने पुढच्या गिऱ्हाईकाचं गाठोडं सोडायला घेतलं होतं. दुकानातून उतरताना बाईंना आपल्या गळ्यातल्या ओळखपत्राचीच किळस आली.

अहवाल खात्याने कौतुकासह स्वीकारला. योजना सगळ्या तुरुंगांना लागू झाली. सुटका आठवड्यातून एकदा, शुक्रवारी होते. उद्या शुक्रवार आहे. फाटक सकाळी सातला उघडतं, आणि गावाकडे जाणारी पहिली बस साडेसातला आहे.