वेरोनाचा उशिरा काढलेला लग्नाचा फोटो

पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळसा-वस्तीत संप पेटलेला होता आणि त्यातच वेरोनाचं लग्न लागलं. वस्ती सगळी युरोपातून आलेल्या स्लोव्हाक लोकांची. तिच्या डोक्यावर मण्या-फितींचा उंच मुकुट, अंगात आईनं गावाकडून कशिदा भरून पाठवलेल्या बाह्या. नवरा मातूश खाणकामगार. जेवणं झाली की दोघं फोटो काढायला जाणार होती.

चुलीवर कोबीचं सूप उकळत होतं, फिडल नुकतंच वाजायला लागलं होतं, तेवढ्यात खाण-कंपनीचे घोडेस्वार शिपाई आले.

"जमाव बंदी आहे! पांगा!"

"जमाव कसला, लग्न आहे माझं," मातूश दारात आडवा झाला.

पहिलाच दंडुका त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. घोडा ओसरी चढून थेट घरात घुसला. बाकं मोडली. फिडलवाल्याचं मनगट टापेखाली गेलं. एका शिपायानं खाली उतरून वेरोनाचा मुकुट हिसकला, तो केसांच्या पुंजक्यासकट हातात आला. वेरोनानं चुलीवरचं पातेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर रिकामं केलं. तो डुकरासारखा किंचाळला. दुसऱ्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली आणि तिला तशीच, लग्नाच्या कपड्यांत, तुरुंगात नेलं.

ती सुटून आली तेव्हा संप मोडला होता. मातूशचा डोळा गेला होता आणि काम मिळेना. तो प्यायला लागला.

"तुझ्या त्या सुपापायी मला दारात कुणी उभं करत नाही!"

"मग काय नाचायला हवं होतं मी त्यांच्यापुढे?"

त्यानं तिच्या तोंडात मारली. ओठ फाटला. तिनं चुलीची सळई घेतली आणि त्याच्या हातावर अशी हाणली, की हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या बोर्काकाकूंना भिंतीपलीकडे ऐकू गेला. त्या धावत आल्या.

"अगं बाई, नवरा आहे तो तुझा!"

"म्हणून तर हात मोडला काकू, मान नाही."

मग तिनंच पट्ट्या बांधल्या. मातूश दात आवळून बसला होता. म्हणाला, "आरशात बघवत नाही गं मला." तिनं पट्टीची गाठ मारली. पुन्हा मात्र त्यानं हात उचलला नाही. दुसऱ्या खाणीत काम मिळालं, मुलगी झाली, आणि गावाहून आई विचारतच राहिली: लग्नाचा फोटो कुठाय?

शेवटी वेरोनानं लग्नाचे कपडे उसवून सैल केले. बाहीवरचा रक्ताचा डाग धुऊनही गेला नव्हता. फोटोवाल्यानं भाड्याचा पांढरा घुंगट पुढे केला.

"हल्ली सगळ्या नवऱ्या हाच घालतात."

"मी घालणार नाही."

"बरं. साहेब, मान जरा वळवा, म्हणजे तो डोळा दिसणार नाही."

"समोरूनच काढा," मातूश म्हणाला.

फोटोच्या रीतीप्रमाणे त्यानं खुर्चीत बसलेल्या वेरोनाच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा खांदा दचकून आकसला.

"हलू नका, बाई."

मातूशनं हात उचलून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"तिथंच राहू दे," वेरोना हळूच म्हणाली.

फोटोत तो हात खुर्चीच्या पाठीवरच आहे.