शिवलेली होडी

माझी आत्या संग्रहालयात झाडलोट करायची आणि तिथल्या पाच जुन्या होड्यांपैकी एकीशी बोलायची. लोक तिला खुळी म्हणत. मी तर तोंडावर म्हणायचो. "खुळी तर खुळी, तुझ्यासारखी आळशी तर नाही ना," असं ती मला ऐकवायची.

ती होडी आतोबांची. त्यांच्या आजोबांनी बांधलेली. एकही खिळा नाही, सगळ्या फळ्या काथ्याने शिवलेल्या. एका सकाळी आतोबा ती घेऊन मासे धरायला गेले आणि होडी तेवढी परत आली. रिकामी, पण अंगावर ओरखडासुद्धा नाही. आतोबा सापडलेच नाहीत. "होडी शाबूत आहे ना, मग माणूसही असेल कुठेतरी," असं आत्याने ठरवून टाकलं. पुढे कुणी समजावायला गेलं की ती उठून आत निघून जायची. अशी शिवलेली होडी आता कुणी बांधत नाही, म्हणून संग्रहालयाने ती मागितली. तिने एकच अट घातली, "तिथली झाडलोट मीच करणार."

दालनात दिवसभर पंखे गरगरत. होडी वाळत गेली, फळ्यांमधल्या फटींतून पलीकडची भिंत दिसू लागली. आत्याने साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, भला माणूस. त्यांनी वर कळवलं आणि वरचे ढिम्म हलले नाहीत. इकडे आत्याचा जीव टांगणीला. होडीच उकलली तर आशा कशावर धरायची?

घरी यावर उपाय ठरलेला होता. होडी फार दिवस कोरडी पडली, की पाण्यात लोटण्याआधी तिच्यातच पाणी भरायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. लग्न झाल्यापासून आत्याने हेच केलेलं. सुट्टीच्या दिवशी तिने दालन उघडलं, होडीत ओली पोती अंथरली आणि बादल्या ओतू लागली. गळेल ते पुसायचं, पुन्हा ओतायचं. संध्याकाळी पाणी ठरलं. तिने हौसेने होडी काठोकाठ भरली.

पण घरी होडी वाळूवर अंगभर टेकलेली असे. इथे ती दोन लाकडी घोड्यांच्या टेकूवर होती, एक पुढे, एक मागे, मधे खाली आधार नाही. मधोमध कडकन मोडली.

साहेबांचा निरोप मिळून मी पोचलो तेव्हा ते दारात उभे होते आणि आत्या ओल्या फरशीवर बसून रडत होती. आतोबांसाठी तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तोंड पुसून ती म्हणाली, "साहेब, ही लाकडं मला द्या. यांना अग्नी द्यायचा राहिलाय."

साहेब म्हणाले, "बाई, मोडली तरी सरकारी वस्तू आहे हो. मला नाही देता येत."

ती वाद घालत बसली नाही. झाडू घेतला, ढलप्या आणि काथ्याचे तुकडे गोळा केले. झाडलेला कचरा मागे नेऊन जाळणं तिचंच काम होतं. साहेबांनी पाठ फिरवली. मी वाऱ्याला आडोसा धरला, तिने काडी ओढली. ढलप्या चिंब भिजलेल्या, नुसत्या धुमसत होत्या. आत्या गुडघ्यांवर बसून फुंकर घालत राहिली.