पॉलीहाऊसातले जिताडे

मला वाटलं होतं, मासे विकायला मी दारोदार फिरेन आणि लोक मला बघून दारं लावून घेतील. झालं उलटंच. लोक आपण होऊन माझ्या दारात आले, रोज आले, घरातल्या म्हाताऱ्यांना रिक्षात घालून आले, आणि तरी वर्षभरात एक मासा विकला गेला नाही. आता हे मी कसं जमवलं, ते ऐका. असा घोटाळा घालायला शिक्षण लागतं. माझं झालंय, हॉलंडला.

आमचं गाव उरणच्या पुढे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कंटेनरचे ढीग. आमच्या घरामागची जागा नेमकी रस्त्याला लागून, न्हावा शेव्याच्या बंदराला जाणारे ट्रेलर तिथूनच वळतात. त्यामुळे त्या जागेवर कंटेनर यार्डवाल्याचा केव्हाचा डोळा. बाबांनी त्याला जवळजवळ हो म्हटलं होतं आणि त्याच आठवड्यात मी परत आले, डोक्यात काचेची घरं घेऊन.

"काय करनार बोललीस?" बाबांनी विचारलं.

"पॉलीहाऊस. आत तळं. तळ्यात मासे. माशांचं पाणी भाजीला द्यायचं, भाजीच्या वाफ्यातून गाळून परत तळ्यात सोडायचं."

"म्हंजे माशाला घर बांदनार."

"तसं म्हणा."

"पंखा लावशील?"

"पंप लावणार. पाण्यात हवा सोडायला."

बाबांनी आईकडे बघितलं. "हवा सोडनार बोलते. पान्यात."

पण माझा बाप तसा सरळ माणूस. यार्डवाल्याला त्यांनी थांबवलं आणि मला अट घातली. पुढच्या जत्रेपर्यंत माझा मासा उरणच्या बाजारात बसलेला त्यांना दिसला पाहिजे. नाही दिसला तर जागा यार्डाला. "मंग रडाचा नाय," ते म्हणाले. मी म्हटलं, नाही रडणार. यात मी शब्द पाळला, एवढं आधीच सांगून ठेवते.

कामाला लागले. खड्डा खणायला जेसीबी आला, पण कडा मी स्वतः फावड्याने सारख्या केल्या, कारण शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद दगडावर टेकला की फाटतो. पहिल्यांदा अंथरला तेव्हा त्याला घड्या पडल्या. काढला, परत अंथरला. आई चहा घेऊन यायची आणि खड्ड्याच्या काठावरून कप माझ्या हातात द्यायची, विहिरीत पडलेल्या माणसाला दोर द्यावा तसा. वर पांढरं प्लास्टिक चढलं, तेव्हा रस्त्यावरून जाणारे विचारायला लागले, लग्न कोणाचं?

मासा कोणता, यात मी अजिबात चूक केली नाही. जिताडा. आमच्या रायगडात जावयाच्या ताटात जिताडा वाढला नाही तर सासूची झोप उडते. शेतातल्या तळ्यात तो वाढवणं आमच्याकडे नवं नाही, पण पावसात तळं भरून वाहिलं की अर्धे मासे शेजाऱ्याच्या शेतात जातात आणि उरलेले बगळ्यांच्या पोटात. माझ्या पॉलीहाऊसात ना पूर, ना बगळा. सगळ्याचा विचार केला होता मी. फक्त नारळाचा केला नव्हता.

तर, नारळ. बोटाएवढी पिल्लं पिशव्यांतून आली, आणि आई म्हणाली, पाण्यात सोडायच्या आधी नारळ फोडू. खरं तर मला ते नको होतं. मग वाटलं, का नको? गाव एकत्र येईल, लोकांना प्रकल्प आपला वाटेल. हॉलंडमध्ये आमचे सर हेच तर सांगायचे. मी नुसता होकार दिला नाही, सगळ्या गावाला आमंत्रण दिलं. पंच आले, बायका आल्या. गावदेवीचे पुजारी पांडूकाका आले आणि तळ्याच्या काठावर उभे राहून त्यांनी देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"आई, या पोरीनी ह्यो खड्डा खनलाय. तिला राख. तिच्या माशांना सांबाल."

किती साधं, किती सुंदर. इथेच थांबायला हवं होतं. पण मला राहवेना. तिचे मासे? माझे कसे? निसर्गाचे मालक आपण नव्हे, आपण नुसते राखणदार, यावर मी पानंच्या पानं लिहिलेली. मी पुढे झाले.

"काका, असं नका म्हणू. असं म्हणा, की हे मासे तुझेच आहेत आई, आम्ही फक्त सांभाळणार."

पांडूकाकांनी डोळे उघडले. "असाच बोलू?"

"असंच."

"बग हां पोरी. पंच उबे हायेत."

"त्यांच्यासमोरच म्हणा."

काकांनी तसं म्हटलं. नारळ फुटला. सगळे एकदम शांत झाले, बाबा खोकले, आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भारावले. माझेही डोळे भरून आले. हो, मी मघाशी रडले नाही म्हणाले ते नंतरचं. हे आनंदाचं होतं, ते धरू नका.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले.

आता मासे वाढवायचे तर स्वच्छता पाहिजे. बाहेरच्या चिखलातून रोग आत येतो. म्हणून मी दाराशी नळ बसवला आणि येणाऱ्याला सांगायला लागले, चपला बाहेर काढा, पाय धुऊन आत या. वाटलं होतं, लोक कुरकुरतील. कसलं काय. मी सांगायच्या आधीच पाय धुवायचे. म्हातारे वाकून उंबऱ्याला हात लावायचे. मला वाटलं, दाराची पट्टी मजबूत आहे का ते बघतायत.

मी भाजीच्या वाफ्यात वाकलेली असले की कोण आलं ते कळायचं नाही. म्हणून दाराला घंटा टांगली. पोरंसोरं वाजवून मस्ती करतील अशी भीती होती. छे. प्रत्येकजण एकदाच वाजवायचा, शिस्तीत.

दुपारी उन्हात माशांना त्रास नको, म्हणून वेळ ठरवली. दुपारी बंद, संध्याकाळी परत उघडणार. एका बाईने विचारलं, "मंगलवारी लवकर उगडशील ना गो?" मी म्हटलं, उघडेन की. मंगळवारी गर्दी का होते, हा प्रश्न मला पडला, नाही असं नाही. मी त्याचं उत्तरही काढलं. आठवडी सुट्टी असेल एमआयडीसीत.

मग कुरमुरे. कोणीतरी तळ्यात कुरमुरे टाकले, पाणी नासलं. जिताडा कुरमुरे खात नाही, तो मासे खाणारा मासा. मी पाटी लावली: कुरमुरे टाकू नयेत, जिवंत कोलंबी चालेल. पुढच्या मंगळवारी अख्खं गाव डबे घेऊन हजर. डब्यांत खाडीतली तडतडती कोलंबी. मला माशांच्या खाण्याचा खर्चच उरला नाही. लोकसहभाग म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. बायका तर जाताना माझ्यासाठी काठावर नारळ ठेवून जायच्या. एवढे नारळ जमले की मी वड्या करून खाल्ल्या.

हॉलंडच्या सरांना मी व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. पाय धुवायची रांग बघून ते म्हणाले, आमच्याकडे हे करून घ्यायला दंड लावावा लागतो, तू काय केलंस? मी म्हटलं, मी फक्त विश्वास टाकला.

आणि जिताडे असे वाढले म्हणून सांगू. पाण्याखालून चांदीची पाटी सरकल्यासारखे दिसायचे. लोक काठावर उभे राहून एकटक बघत, आवंढा गिळत, आणि हळूच हात जोडत. मी मनात म्हणायची, बघा, विज्ञानाबद्दल केवढा आदर.

जत्रा जवळ आली. मी बाजारात मासे विकणाऱ्या जनीमावशीला बोलावलं. आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातली बाई, जिभेला धार, पण व्यवहाराला चोख. ठरवलं की माशांची पहिली पाटी तिने न्यायची. सकाळी ती आली. पाय धुतले, घंटा वाजवली. मी जाळं घेऊन तळ्यात उतरले आणि पहिला जिताडा वर काढला, मांडीएवढा.

"घ्या मावशी. उघडा पाटी."

मावशी दोन पावलं मागे सरली. "सोड त्याला."

"काय?"

"सोड बोलते ना. पान्यान सोड आधी. मना कालच वाटला, पोरगी चेष्टा करते. मी बगाला आयले, खरंच काडतेस का."

"अहो मावशी, विकायला काढतेय."

"देवीचा मासा? माज्या पाटीत? माजा नवरा बोटीवर हाय गो. दर्या काय तुज्या हॉलंडचा हाय का माजा ऐकाला?"

"देवीचा कधी झाला?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. कीव म्हणतात ना, तसं. "तूच दिलास. पंचांसमोर. पांडूकाका दोनदा विचारत व्हता. मी व्हते ना तितं." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "तूच तर पुजारीन. तुना म्हाईत नाय?"

जिताडा माझ्या हातातून सुटला आणि शेपटीचं पाणी तोंडावर मारून गेला.

मी तशीच ओल्या कपड्यांनी घरात गेले. बाबा भाकरी खात होते.

"बाबा, ते मासे देवीचे आहेत?"

"मंग कोनाचे?"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मी तुला सांगाचा? तू सगल्या गावाला सांगितलास." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मना वाटला, पोरीला झेपला नाय. पन मागं कशी हटनार, शिकलेली. म्हनून देवीच्या पदरात टाकून मोकली झाली. नारल फुटला त्याच दिवशी मी यार्डवाल्याला फोन केला. जत्रा झाली की ये, बोललो."

"आणि घंटा? पाटी? मंगळवार?"

"ती तर तूच केलीस. आमी बोललो, पोरगी मनापासून करते."

"मी नारळांच्या वड्या खाल्ल्या, बाबा."

"पुजाऱ्याचा हक्क हाय तो," बाबा शांतपणे म्हणाले. "त्याबद्दल कोन काय बोलला नाय."

तशीच पांडूकाकांकडे गेले. ते ओटीवर बसून वाती वळत होते. मी म्हटलं, काका, माझ्या तोंडून चुकून गेलं, मला म्हणायचं होतं वेगळं, परत घेता येतं का?

"देवीला दिलेला परत घेतात?"

"पण त्या जागेचं काय? यार्डवाला जत्रेनंतर येणार. मासा बाजारात गेला नाही तर जागा गेली, काका. मग तळंही बुजवणार. देवीचे मासे डांबराखाली घालणार का?"

काकांचे हात थांबले. यार्डाचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"जत्रेला देवीला कोंबडा वाहतात, तो काय देवी ठेवून घेते?" ते म्हणाले. "लिलावात निगतो. ज्याची बोली मोटी, त्याचा. नेऊन खावा, इकावा, देवीचा काय बोलना नाय. मासा आजवर निगाला नाय लिलावात. पन निगनारच नाय, असा तरी कोन बोलला? पंचांना इचारतो."

पंच संध्याकाळी बसले. मी बाहेर उभी होते, आत हशा पिकला होता, तो कोणावर हे विचारायची गरज नव्हती. पांडूकाका बाहेर येऊन म्हणाले, निघेल. सगळं तळं एकगठ्ठा निघेल.

आणि क्षणात गाव बदललं. वर्षभर हात जोडणारे लोक आता बोटांनी मासे मोजायला लागले. जनीमावशीनेच निरोप धाडला की ती बोली लावणार आहे आणि पोरीने मध्ये येऊ नये. देवीच्या हातून आलेला जिताडा म्हटल्यावर त्याची बोली नेहमीच्या भावात कशी थांबेल? म्हणजे बघा, ज्या माशांना मी वाढवलं, त्यांना साऱ्या जिल्ह्यात महाग करून ठेवणारीही मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा निर्णय झाला होता. बाबा अंगणात राखुंडीने दात घासत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"लिलावात मी बोली लावणार. मासे देवीकडून विकत घेणार, आणि जत्रेच्याच दिवशी बाजारात मी स्वतः घेऊन बसणार. तुमची अट पुरी होते."

"तुजेच मासे तू इकत घेनार."

"हो."

"नफा?"

"यंदा नाही."

"मंग यार्डवाल्याला काय सांगू?"

"सांगा, येऊ नको. मी हटणार नाही. कोणी कितीही बोलू दे."

बाबांनी चूळ भरली, खांद्यावरच्या पंच्याने सावकाश तोंड पुसलं.

"यार्डवाल्याला सांगतो," ते म्हणाले. "पन बोली जपून लाव. मी पन लावनार हाय. एक वरीस झाला, जिताड्याला नुसता नमस्कार करतोय."